पिंक फ्लॉइडचा एकच अल्बम निवडायचा, तर कोणता?

निशाचर

रॉकवरच्या प्रत्येक धाग्यात पिंक फ्लॉइडचं नाव निघतं, दोघंतिघं 'डार्क साइड'चं कौतुक करतात आणि चर्चा दुसऱ्या बँडकडे वळते. म्हणून हा धागा फक्त त्यांच्यासाठी.

१९६७ ते २०१४ या काळात त्यांचे पंधरा स्टुडिओ अल्बम आले. सुरुवातीचा गायक-गीतकार सिड बॅरेट होता तेव्हाचा बँड, नंतर चौघं एकमेकांचं ऐकत वाजवत होते तेव्हाचा, रॉजर वॉटर्सच्या शब्दांमागे बाकीचे चालत होते तेव्हाचा आणि वॉटर्स गेल्यावर डेव्हिड गिल्मोरने सांभाळलेला, असे हे जवळजवळ चार वेगळे बँड आहेत. त्यामुळे 'सर्वोत्तम' कोणता यावर वाद घालण्यात मला रस नाही. आवडता सांगा. एकच. आणि 'सगळाच सुंदर' असं नको, त्यातली एखादी जागा सांगा, जिथे दर वेळी हातातलं काम थांबतं.

मी 'विश यू वर हिअर' (१९७५) निवडतो. 'डार्क साइड'ला एवढं यश मिळाल्यावर पुढे काय करायचं हे चौघांनाही कळत नव्हतं. वाद्यं बाजूला ठेवून वाइनचे पेले, रबरबँड अशा घरगुती वस्तूंवरच एक आख्खा अल्बम करायचा घाट त्यांनी घातला होता. तो सोडून दिला, पण पेल्यांचा नाद 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'च्या अगदी सुरुवातीला राहिला आहे. मग गिल्मोरच्या गिटारवर ते चार स्वर आले, वॉटर्सला त्यांत मानसिक आजारामुळे बँडबाहेर गेलेला सिड दिसला, आणि अल्बमला विषय मिळाला: जो इथे असायला हवा होता आणि नाही, तो.

५ जून १९७५ रोजी सिड स्वतः स्टुडिओत येऊन उभा राहिला. वजन वाढलेलं, डोक्यावरचे केस आणि भुवया काढून टाकलेल्या. जुन्या मित्रांना तो सुरुवातीला ओळखूच आला नाही. त्यांचं काम तेव्हा 'शाइन ऑन'वरच चाललं होतं.

माझी जागा मात्र शीर्षकगीतात आहे. रेडिओची कळ फिरते, स्टेशनं सरकतात, चायकॉव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा येऊन जातो आणि मग बारा तारांची गिटार लागते. तिचा आवाज मुद्दाम बारीक केलेला आहे, रेडिओतून आल्यासारखा. आणि थोड्या वेळाने दुसरी गिटार सुरू होते, अगदी कानाजवळ. कुणीतरी खोलीत एकटा बसून रेडिओवरच्या गाण्याला साथ देतो आहे. एक माणूस दूर आहे, एक जवळ आहे, दोघं एकच गाणं वाजवताहेत. शब्द सुरू होण्याआधीच सगळं सांगून झालेलं असतं.

आता तुम्ही.

तबकडी

छान धागा. 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३), आणि मी हे अजिबात संकोच न करता लिहितो. सगळ्यांना आवडतो म्हणून तो निवडायचा नाही, हा काय नियम?

लोक त्याला स्टुडिओतली करामत समजतात. पण अल्बम १ मार्च १९७३ ला आला आणि ही रचना ते जानेवारी १९७२ पासून मंचावर वाजवत होते. म्हणजे वर्षभर श्रोत्यांसमोर घासूनपुसून झाल्यावर ती तबकडीवर आली. म्हणूनच एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना कुठे सांधा दिसत नाही. अ‍ॅबी रोड स्टुडिओत ध्वनियंत्रक होता अ‍ॅलन पार्सन्स. 'टाइम'मधली घड्याळं त्याने आधीच जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन ध्वनिमुद्रित करून ठेवली होती.

माझी जागा: 'द ग्रेट गिग इन द स्काय'. बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटचा पियानो आणि बाहेरून बोलावलेल्या क्लेअर टॉरीचा आवाज. तिला शब्द दिले नव्हते, चालही नव्हती. मृत्यूबद्दलची रचना आहे एवढं सांगून गायला उभं केलं. रविवारचं सत्र म्हणून दुप्पट दराने तीस पौंड मिळाले. २००४ साली तिने दावा लावला, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि आता रचनाकार म्हणून राइटच्या शेजारी तिचंही नाव लागतं. लागायलाच हवं होतं. त्या गाण्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात ती आवाज खाली आणते, जवळजवळ कुजबुजते, तिथे ओरडण्यापेक्षा जास्त भीती आहे.

चौथी_मात्रा

तबकडी यांच्याशी सहमत, फक्त माझी जागा 'मनी'त आहे.

रूपक तालाची सवय असलेल्या कानाला सात मात्रा नव्या नाहीत. पण 'मनी'त सात मात्रांचा तो चरण बेसवर इतका सहज फिरतो की मोजायची आठवणच राहत नाही. सुरुवातीचे नाण्यांचे, गल्ल्याचे, कागद फाटण्याचे आवाजही टेप मोजून, कापून, जोडून सात मात्रांतच बसवलेले आहेत. डिक पॅरीचा सॅक्सोफोनही सातातच वाजतो. आणि मग गिल्मोरची गिटार येते तेव्हा सगळा बँड एकदम चारात उतरतो. इतका वेळ थोडं लंगडत चाललेलं गाणं धावायला लागतं!

त्या सोलोचे तीन भाग आहेत. मधल्या भागात घुमारा काढून टाकला आहे: गिटार कोरडी, वाद्यं कमी, आवाज लहान. मग तिसऱ्या भागात सगळं परत येतं. निक मेसन तिथे काय वाजवतो ते एकदा फक्त ड्रमकडे कान देऊन ऐका. मेसनला कोणी श्रेष्ठ ड्रमर म्हणत नाही. पण जागा मोकळी कुठे ठेवायची हे कळणारे ड्रमर कमीच असतात आणि तो त्यांतला आहे.

नवा_कान

मी या बँडची पाचसहा गाणीच ऐकली आहेत, तीही सुटी सुटी. सुरुवात कुठून करावी? वरचे प्रतिसाद वाचून 'डार्क साइड' आणि 'विश यू' यांत गोंधळ झाला आहे.

तबकडी

@नवा_कान, दोन्हींतला कुठलाही घ्या, पण सलग ऐका. 'डार्क साइड' त्रेचाळीस मिनिटांच्या आसपास आहे. गाणी अदलाबदल करून ऐकण्याची सोय बंद ठेवा आणि दोन गाण्यांच्या मध्ये शांतता घालणारी सेटिंग असेल तर तीही काढा, नाहीतर 'ब्रेन डॅमेज' आणि 'एक्लिप्स' यांच्यामध्ये खाच पडते.

कळफलक

मी 'मेडल' (१९७१) निवडतो, आणि त्याचं कारण 'एकोज'. थोडं लांब लिहितो, कारण या बँडबद्दल माझं जे म्हणणं आहे ते सगळं इथूनच सुरू होतं.

१९७१ च्या सुरुवातीला ते स्टुडिओत गेले तेव्हा हातात तयार गाणं नव्हतं. जे सुचेल त्याचे तुकडे ध्वनिमुद्रित करत गेले आणि त्या तुकड्यांना 'नथिंग' असं नाव देऊन क्रमांक टाकत गेले. त्यांतला एक होता राइटने वाजवलेला पियानोचा एकच वरचा स्वर. तो लेस्ली स्पीकरमधून काढला होता, म्हणजे ज्याच्या आतला भाग फिरतो आणि सूर थरथरत बाहेर येतो असा स्पीकर. त्या एका स्वरावर पुढची तेवीस मिनिटं उभी आहेत, तबकडीची आख्खी दुसरी बाजू.

गाताना राइट आणि गिल्मोर बरोबर गातात. या दोघांचे आवाज एकत्र आल्यावर जो तिसरा आवाज तयार होतो, तो मला पिंक फ्लॉइडचा खरा आवाज वाटतो. पुढे मधल्या भागात सूर, ठेका सगळं विरघळतं, वारा आणि पक्ष्यांच्या किंकाळ्या उरतात. त्या किंकाळ्या म्हणजे गिल्मोरची गिटार आहे, वा-वा पेडल उलटं जोडलेलं. आणि मग, साधारण पंधराव्या मिनिटाला, तो पियानोचा स्वर पुन्हा वाजतो. खालून ऑर्गन हळूहळू वर येतो. एकेक वाद्य जागं होतं. माझी जागा हीच. पहिल्या स्वराने दार उघडलं होतं, या वेळी तो माणसाला परत माणसांत आणतो.

ऑक्टोबर १९७१ मध्ये त्यांनी हीच रचना पाँपेईच्या प्राचीन अँफिथिएटरमध्ये, समोर एकही श्रोता न बसवता वाजवली. एड्रियन मेबेनने केलेला तो चित्रपट सहज मिळतो, २०२५ साली तो नव्याने दुरुस्त करूनही आला. राइट आणि गिल्मोर समोरासमोर पाहून वाजवतात ते त्यात दिसतं. राइट २००८ साली गेला. २०१६ मध्ये गिल्मोर स्वतःचा बँड घेऊन पाँपेईला परत गेला, तेव्हा त्याने 'एकोज' वाजवलं नाही.

आता म्हणणं असं: या बँडच्या अल्बममध्ये राइट किती आहे, यावर तो अल्बम मला किती आवडतो हे ठरतं. 'डार्क साइड'मधली दोन सर्वांत हळवी गाणी, 'ग्रेट गिग' आणि 'अस अँड देम', यांचं संगीत त्याचं. 'अस अँड देम'ची चाल त्याने आधी आंतोनिओनीच्या एका चित्रपटासाठी केली होती, दिग्दर्शकाने ती नाकारली. 'शाइन ऑन'चा शेवटचा, नववा भाग एकट्या राइटचा आहे आणि तो विरत जाताना सिडच्या 'सी एमिली प्ले'ची ओळ हलकेच वाजवतो. निशाचर, तुमच्या अल्बमचा शेवटचा शब्द राइटचा आहे. त्यानंतर 'अ‍ॅनिमल्स'मध्ये रचनाकार म्हणून त्याचं नाव नाही, 'द वॉल'च्या वेळी त्याला बँडमधून काढलं, 'द फायनल कट'मध्ये तो नाहीच. आणि माझं प्रेमही त्याच क्रमाने उतरत जातं.

मृगजळ

@कळफलक, प्रतिसाद फार आवडला, पण 'अ‍ॅनिमल्स'ला असं एका वाक्यात खाली उतरवू देणार नाही. मी त्याच अल्बमसाठी आले आहे.

'शीप'ची सुरुवात ऐका. तो इलेक्ट्रिक पियानो कोणाचा? राइटचा. नाव लावलं नसेल, पण ती दीड मिनिटं काढून घेतली तर गाणं धडकी भरवेल का? आधी तो कुरणासारखा पसरतो, मग खालून बेस चालायला लागतो आणि समजतं की काहीतरी वाईट येतंय. त्यानंतर वॉटर्स ओळीच्या शेवटी स्वर ताणतो आणि तो माणसाचा आवाज ताणता ताणता सिंथेसायझरचा होऊन जातो. ही माझी जागा. प्रत्येक ओळीला हेच होतं आणि प्रत्येक वेळी आवाज नेमका कुठे बदलला ते सापडत नाही. कळपातल्या माणसाचं काय होतं ते सांगायला याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

जानेवारी १९७७ चा अल्बम आहे. कुत्रे, डुकरं, मेंढ्या ही कल्पना ऑर्वेलच्या 'अ‍ॅनिमल फार्म'कडून आली, पण रोख बदलला आहे. ऑर्वेलने स्टालिनच्या रशियावर लिहिलं, वॉटर्सने पैशाच्या मागे धावणाऱ्या समाजावर. 'डॉग्ज' सतरा मिनिटांचं आहे आणि त्यात गिल्मोरने वाजवलेलं मला 'द वॉल'मधल्या 'कम्फर्टेबली नम'इतकंच मोठं वाटतं. 'डॉग्ज' आणि 'शीप' दोन्ही ते १९७४ पासून वेगळ्या नावांनी मंचावर वाजवत होते, म्हणजे तबकडी यांचा 'डार्क साइड'बद्दलचा मुद्दा इथेही लागू आहे. मंचावर मुरलेलं संगीत वेगळं कळतं.

आणि ते मुखपृष्ठ! बॅटरसी वीजकेंद्राच्या धुराड्यांमध्ये तरंगणारं डुक्कर. ३ डिसेंबर १९७६ ला त्या फुग्याचा दोर तुटला, तो विमानांच्या मार्गात गेला आणि शेवटी केंटमधल्या एका शेतात उतरला. शेवटी वीजकेंद्राचा फोटो आणि डुकराचा फोटो जोडून मुखपृष्ठ केलं.

निशाचर

@कळफलक, नवव्या भागाबद्दल लिहिलंत ते वाचून लगेच जाऊन ऐकलं. 'सी एमिली प्ले' अगदी शेवटी, आवाज जवळजवळ गेल्यावर येतं. आवाज वाढवल्याशिवाय हाती लागत नाही.

भिंतीपलीकडे

अजून कोणीच 'द वॉल' (१९७९) लिहिलं नाही, याचं आश्चर्य वाटतंय.

राइटला काढलं हे वाईटच झालं. पण अल्बम कोणत्या भांडणातून आला यावर तो ऐकायचा की नाही हे ठरवू नये. ६ जुलै १९७७ ला माँट्रियलच्या प्रचंड स्टेडियममध्ये वॉटर्स पुढच्या रांगेतल्या एका श्रोत्यावर थुंकला. स्वतःच्या त्या वागण्याची त्याला इतकी भीती वाटली की कलाकार आणि श्रोते यांच्यामध्ये भिंत बांधायची कल्पना तिथून सुरू झाली. मग त्यात त्याचे वडील आले. ते १९४४ मध्ये अँझिओच्या लढाईत मारले गेले तेव्हा वॉटर्स तान्हा होता. शाळा आली, आई आली, मोडलेलं लग्न आलं. एकेक वीट.

आता रचना बघा. पहिल्या तबकडीच्या शेवटी 'गुडबाय क्रुएल वर्ल्ड'ला शेवटची वीट बसते. दुसरी तबकडी 'हे यू'ने सुरू होते, म्हणजे तो आवाज भिंतीच्या पलीकडून येतो आहे. मंचावर हे डोळ्यांसमोर घडायचं: पूर्वार्धात पुठ्ठ्याच्या विटांची भिंत रचत जायचे आणि मध्यंतरापर्यंत बँड दिसेनासा व्हायचा. १९८०-८१ मध्ये हे फक्त लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, लंडन आणि डॉर्टमुंड एवढ्याच ठिकाणी झालं.

माझी जागा 'हे यू'च्या मधोमध आहे. सोलोच्या खाली 'अनदर ब्रिक'ची तीच ओळखीची सुरावट दणदणत येते, आणि इतका वेळ हाक मारणाऱ्या माणसाला उत्तर म्हणून भिंतच बोलते आहे असं वाटतं. त्या गाण्यातला सुरुवातीचा सरकता फ्रेटलेस (पडदे नसलेला) बेस गिल्मोरने वाजवला आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. 'द वॉल' म्हणजे एकट्या वॉटर्सचा अल्बम असं म्हणणाऱ्यांनी तो बेस आणि 'कम्फर्टेबली नम'चे दोन्ही सोलो बाजूला काढून काय उरतं ते पाहावं. सहनिर्माता बॉब एझ्रिनचंही श्रेय मोठं आहे. 'अनदर ब्रिक'च्या दुसऱ्या भागात शाळेतल्या मुलांचा आवाज आणि तो नाचरा ठेका त्याच्याशिवाय झाला नसता.

चौथी_मात्रा

'हे यू'बद्दल +१. 'वॉल' पहिल्या गाण्याच्या आधी एका अर्धवट वाक्याने सुरू होतो आणि त्या वाक्याचा पहिला अर्धा अगदी शेवटी येतो. अल्बम गोल आहे. संपला की परत पहिल्या बाजूला जातो, भिंत पडून परत उभी राहते.

कळफलक

@मृगजळ, 'शीप'च्या सुरुवातीबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. तो पियानो माझ्याही आवडत्या जागांत आहे. दुःख एवढंच की श्रेयाच्या ओळीत फक्त वॉटर्सचं नाव आहे.

@भिंतीपलीकडे, एक गोष्ट जोडतो. बँडमधून काढल्यावरही राइट 'वॉल'च्या कार्यक्रमांत पगारी वादक म्हणून वाजवत राहिला. कार्यक्रम इतके खर्चिक होते की बाकी तिघांना तोटा सोसावा लागला आणि चौघांत पैसे मिळाले ते फक्त राइटला. पण मला त्याहून लक्षात राहतं ते हे, की ज्यांनी बाहेर काढलं त्यांच्याचबरोबर, त्याच भिंतीमागे उभं राहून त्याने ते सूर रोज तितक्याच जिवाने वाजवले.

सांजवेळ

कळफलक यांच्या मापाने मोजायचं ठरलं तर माझा अल्बम वर यायला हवा. 'द डिव्हिजन बेल' (१९९४).

वॉटर्स गेल्यानंतरचं सगळं टाकाऊ असं म्हणायची पद्धत आहे. 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' (१९८७) बद्दल ते काही अंशी मान्य करते, तो बराचसा गिल्मोर आणि बाहेरच्या वादकांचा आहे. पण 'डिव्हिजन बेल'साठी गिल्मोर, राइट आणि मेसन तिघं एकत्र बसून वाजवत राहिले, आणि त्या वाजवण्यातून गाणी काढली. पाच रचनांवर राइटचं नाव आहे. 'वेअरिंग द इनसाइड आउट' तर तो स्वतः गातो, 'डार्क साइड'नंतर पहिल्यांदाच मुख्य आवाज म्हणून. वर्षानुवर्षं गप्प राहिलेला माणूस पुन्हा बोलू लागतो, असं ते गाणं आहे, आणि सॅक्सोफोनवर पुन्हा तोच डिक पॅरी. माझी जागा हीच. राइटच्या आवाजात ताकद नाही, थोडा थकवा आहे, आणि गाण्याला नेमकं तेच हवं होतं.

सगळा अल्बम न बोलण्याबद्दल, तुटलेल्या संवादाबद्दल आहे. 'कीप टॉकिंग'मध्ये स्टीफन हॉकिंग यांचा संगणकी आवाज येतो. ज्यांना बोलणंच यंत्रातून करावं लागत होतं त्यांनी बोलत राहा म्हणावं, याचा माझ्यावर दर वेळी परिणाम होतो. शब्द बरेचसे पॉली सॅमसनचे आहेत. 'मरून्ड' या वाद्यरचनेला ग्रॅमी मिळालं. आणि 'हाय होप्स'च्या शेवटचा लॅप स्टीलवरचा (मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारवरचा) सोलो कोणत्याही काळातल्या गिल्मोरच्या शेजारी ठेवा.

मृगजळ

'हाय होप्स'बद्दल काहीच वाद नाही. पण सांजवेळ, तुम्हाला त्या अल्बममध्ये राग कमी वाटत नाही का? मला फ्लॉइडमध्ये तो राग हवा असतो. 'पिग्ज'मधला, 'डॉग्ज'मधला. 'डिव्हिजन बेल' फार समजूतदार आहे.

सांजवेळ

हो, समजूतदार आहे, आणि म्हणूनच मला जवळचा वाटतो. रागावलेली माणसं वीस वर्षांनी कशी बोलतील हेही कुणीतरी गायला हवं ना.

पहाटवारा

सिडसाठी एक मत. 'द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन', ऑगस्ट १९६७.

इथले सगळे सिडबद्दल बोलताहेत ते त्याच्या नसण्याबद्दल. तो असतानाचा अल्बमही ऐका. नाव केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज'मधल्या एका प्रकरणाचं आहे आणि गाण्यांतही तेच जग आहे: मांजर, बुजगावणं, बुटका, सायकल. त्याच जगाला लागून 'अ‍ॅस्ट्रोनॉमी डोमिनी' आणि जवळजवळ दहा मिनिटांचं 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह'. लहान मुलाची खोली आणि अंतराळ यांच्यामध्ये सिडला भिंत दिसत नव्हती. अ‍ॅबी रोडला शेजारच्या स्टुडिओत तेव्हा बीटल्स 'सार्जंट पेपर' करत होते.

जागा: 'माटिल्डा मदर'. आई गोष्ट वाचता वाचता थांबते आणि मुलाला पुढचं हवं असतं. शब्द सिडचे, पण बहुतेक ओळी राइट गातो. कळफलक, हेही तुमच्या वहीत लिहून घ्या. शक्य असेल तर मोनो मिक्स ऐका, त्यात गाणी जास्त घट्ट वाटतात.

आणि सिडचा निरोप ऐकायचा असेल तर पुढचा अल्बम, 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' (१९६८). पाचही जण ज्यात आहेत असा एकच स्टुडिओ अल्बम. शेवटचं 'जगबँड ब्लूज' सिडचं. मी इथे आहे की नाही असा प्रश्न तो स्वतःच विचारून जातो, 'विश यू वर हिअर'च्या सात वर्षं आधी.

एकमत

वाचनमात्र असतो, आज लिहितो. 'द फायनल कट' (१९८३). यात राइट नाही, त्यामुळे कळफलक यांच्याकडून मत मिळणार नाही हे दिसतंय.

'द गनर्स ड्रीम'मध्ये वॉटर्सचा ताणलेला स्वर आणि राफाएल रेव्हन्सक्रॉफ्टचा सॅक्सोफोन एकमेकांत मिसळतात. किंकाळी कुठे संपली आणि वाद्य कुठे सुरू झालं ते कळत नाही. मृगजळ यांनी 'शीप'बद्दल सांगितलं तीच युक्ती, पण तिथे माणूस यंत्र होतो आणि इथे त्याच्या श्वासालाच वाद्य मिळतं. एका मुलाने, युद्धात गेलेल्या आणि कधीच न भेटलेल्या बापासाठी केलेला अल्बम आहे, फॉकलंड युद्धाच्या संतापात लिहिलेला. बँडचा अल्बम म्हणून तो अपुरा असेल. मला त्याच्याइतका प्रामाणिक दुसरा वाटत नाही.

कळफलक

@एकमत, मत देत नाही, पण 'गनर्स ड्रीम' आज रात्री पुन्हा ऐकणार.

नवा_कान

'मेडल' सलग ऐकला. 'एकोज'चा मधला भाग पहिल्यांदा जड गेला, पण तो पियानोचा स्वर परत आला तेव्हा कळफलक काय म्हणत होते ते कळलं. 'फिअरलेस'च्या शेवटी जो जमाव गातो तो कुठला?

तबकडी

@नवा_कान, लिव्हरपूलच्या फुटबॉल मैदानावरचे प्रेक्षक. आपल्या संघाचं गाणं गाताहेत. पुढचा 'विश यू' घ्या, मग 'अ‍ॅनिमल्स'. 'वॉल'ला निवांत वेळ काढा, दोन तबकड्या आहेत आणि मध्येच सोडला तर हाती काही लागत नाही.

मृगजळ

'अ‍ॅनिमल्स' घेणार असाल तर २०१८ साली केलेलं आणि २०२२ मध्ये आलेलं नवं मिक्सही ऐका. मूळ ध्वनी थोडा कोंदट आहे. नव्यात मेसनचे ड्रम आणि राइटची कीबोर्ड्स मोकळी झाली आहेत. मला मूळच जास्त आवडतं, तो कोंदटपणा त्या अल्बमच्या हवेचा भाग आहे, पण राइट काय करत होता हे समजायला नवं मिक्स उपयोगी पडतं.

उल्का

उशिरा येते आहे, पण 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' (१९७२) कोणीच घेतला नाही, म्हणून लिहिणं भाग आहे.

बार्बे श्रोडरच्या 'ला व्हॅले' या चित्रपटासाठी केलेलं संगीत. फ्रान्समधल्या शातो देरूव्हिलमध्ये, 'डार्क साइड'चं काम मध्येच थांबवून, थोड्याच दिवसांत ध्वनिमुद्रित केलं. घाई होती म्हणून गाणी छोटी राहिली, आणि मला तेच आवडतं. तेवीस मिनिटांची रचना करणारा बँड चार मिनिटांत म्हणणं मांडतो आणि थांबतो.

पण तो ऐकायचा तो पुढचं सगळं आधीच तिथे आहे म्हणून. शीर्षकगीतात व्हीसीएस-३ सिंथेसायझरची ती घरघर आहे, 'डार्क साइड'च्या 'ऑन द रन'मध्ये पुढे मोठी होणारी. 'चाइल्डहुड्स एंड' ऐकताना 'टाइम' जवळ आल्याचं जाणवतं, आणि ते शब्द गिल्मोरचे आहेत. त्यानंतर १९८७ पर्यंत बँडच्या गाण्यांसाठी त्याने शब्द लिहिले नाहीत. 'फ्री फोर' वरवर टाळ्यांच्या ठेक्यावरचं हसरं गाणं आहे आणि आत म्हातारपण, मृत्यू आणि वॉटर्सचे युद्धात गेलेले वडील आहेत. भिंतीपलीकडे, तुमची पहिली वीट इथे आहे, 'वॉल'च्या सात वर्षं आधी.

माझी जागा 'वॉट्स... अ द डील'. गिल्मोर गातो, आणि मधल्या भागात राइटचा पियानो पुढे येतो, घाई न करता. त्यानंतर लॅप स्टील येते. एवढंच आहे, आणि मी ते दर वेळी पूर्ण ऐकते.

कळफलक

@उल्का, 'स्टे' विसरू नका. त्याच अल्बममधलं, संगीत राइटचं, शब्द वॉटर्सचे, गायलाही राइटच. वॉटर्स आणि राइट दोघांनीच मिळून केलेलं गाणं म्हणून मी ते जपून ठेवलं आहे. आता तो अल्बम सुरुवातीपासून लावतो.